कोणाच्या डोळ्यांनी? : कादंबरीतील दृष्टिबिंदूंची निवड आणि यवतमाळची साक्ष

१

कादंबरीतील घटना कोणत्या पात्रांच्या दृष्टिबिंदूंतून मांडाव्यात, हा प्रश्न मराठी समीक्षेत बहुधा तंत्राच्या प्रकरणात हाताळला जातो. प्रथमपुरुषी निवेदन, तृतीयपुरुषी निवेदन, सर्वसाक्षी निवेदक, पात्रमुखी निवेदन अशी वर्गवारी केली जाते. प्रत्येक प्रकाराच्या सोयी आणि मर्यादा नोंदवल्या जातात. सुताराने करवत घ्यावी की रंधा, याच जातीची ही निवड आहे, असा अभ्यासकाचा त्यामुळे ग्रह होतो. पर्सी लबक यांचा 'द क्राफ्ट ऑफ फिक्शन' १९२१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून पाश्चात्त्य विचारातही हा कल दीर्घकाळ टिकून होता. वेन बूथ यांनी १९६१ साली 'द ऱ्हेटॉरिक ऑफ फिक्शन' या ग्रंथात निवेदनाच्या नैतिकतेचा प्रश्न उपस्थित केला. झेरार झनेत यांनी १९७२ साली 'कोण पाहतो' आणि 'कोण बोलतो' यांत काटेकोर भेद करून विश्लेषणाची साधने धारदार केली. तथापि साधने धारदार झाली म्हणजे प्रश्न सुटला असे होत नाही. या पात्राच्या दृष्टिबिंदूतून घटना दिसते, हे वर्णन झाले. याच पात्राच्या का, आणि ज्यांच्या दृष्टिबिंदूतून ती दिसू दिली नाही त्यांचे काय, या प्रश्नांची उत्तरे कथनमीमांसेच्या परिभाषेत मिळत नाहीत.

कादंबरीकाराला सगळ्यांनाच दृष्टी देता येत नाही. सर्वसाक्षी म्हणवणारा निवेदकही प्रत्यक्षात काही मनांत शिरतो आणि काही मनांच्या उंबरठ्यावरून परततो. निवड अटळ आहे, आणि ती अटळ असल्यामुळेच तिच्यामागे जबाबदारी येते. ज्याच्या मनात वाचकाला प्रवेश मिळतो त्याच्या चुकांना कारणे असतात. ज्याच्या मनात तो मिळत नाही त्याच्या चुकांना केवळ परिणाम असतात. ही विषमता कथनाच्या रचनेतच अंतर्भूत आहे. म्हणून दृष्टिबिंदूची निवड हा आरंभापासूनच न्यायाचा प्रश्न ठरतो.

हा प्रश्न अमूर्त पातळीवर चर्चिण्यापेक्षा एका भूप्रदेशाच्या संदर्भात तपासणे अधिक फलदायी ठरेल. यवतमाळ जिल्हा हा असा संदर्भ आहे. कापसाच्या या मुलखातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी गेल्या काही दशकांत मराठी कथात्म साहित्यापुढे एक विषय ठेवला आहे. परंतु तो विषय कोणाच्या डोळ्यांनी पाहायचा, हे ठरल्याशिवाय त्याची कादंबरी होऊ शकत नाही. शिवाय कादंबरीकाराच्या आधीच तेथे दुसरी एक व्यवस्था दृष्टिबिंदूंची निवड करून बसलेली आहे. ती व्यवस्था म्हणजे शासकीय कागदपत्रांची.

२

शेतकऱ्याने आत्महत्या केली की एक संचिका उघडते. पंचनामा होतो, जबाब घेतले जातात, सातबाऱ्याचा उतारा आणि कर्जाचे दाखले जोडले जातात. २००५-०६ साली महाराष्ट्र शासनाने ठरवलेल्या पद्धतीनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती ते प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरवते. पात्र ठरल्यास कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते. तीतील तीस हजार हाती पडत आणि सत्तर हजार ठेव म्हणून ठेवले जात, अशी मूळ योजना होती. नापिकी, कर्जबाजारीपणा आणि परतफेडीचा तगादा ही कारणे ग्राह्य मानली गेली. शेतजमीन मृताच्या वा त्याच्या कुटुंबीयाच्या नावे असावी, आणि कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे अथवा परवानाधारक सावकाराचे असावे, ही अपेक्षा त्यामागे होती.

या निकषांकडे कथनरचनेच्या अंगाने पाहिले, तर काही गोष्टी ठळकपणे दिसतात. दुसऱ्याची जमीन बटईने किंवा मक्त्याने कसणारा या कथेत नायक होऊ शकत नाही. विनापरवाना सावकाराचे कर्ज बहुधा कागदावर नसते. त्यामुळे गावातील प्रत्येकाला ठाऊक असलेला खलनायक संचिकेत पात्र म्हणून प्रवेशच करत नाही. शेतात राबणाऱ्या स्त्रीचे नाव सातबाऱ्यावर अपवादानेच असते, म्हणून तिने जीव दिला तर तो 'शेतकऱ्याचा' मृत्यू म्हणून ओळखला जाणे दुरापास्त होते. संचिका खोटे बोलते असे येथे म्हणायचे नाही. तिने नोंदवलेला प्रत्येक तपशील खरा असू शकतो. तरीही काय खरे म्हणून मोजायचे हे तिने आधीच ठरवलेले असते, आणि ते तपशिलांतून दिसत नाही.

जबाबाचे उदाहरण येथे विशेष उद्बोधक आहे. मृताच्या पत्नीचा जबाब 'समक्ष विचारल्यावरून लिहून देते की' अशा धाटणीच्या वाक्याने सुरू होतो. व्याकरणदृष्ट्या तो प्रथमपुरुषी आहे. बोलणारी ती, पाहणारीही ती. परंतु लिहिणारा दुसरा आहे, आणि मुख्य म्हणजे विचारणारा दुसरा आहे. तिची वऱ्हाडी कार्यालयीन मराठीत रूपांतरित होते, हा त्यातला लहान बदल म्हणता येईल. मोठा बदल असा, की ती केवळ एका ठरलेल्या प्रश्नाचे उत्तर देते : तो का मेला? त्या क्षणी तिच्या मनात दुसराच प्रश्न असू शकतो. पेरणी उद्यावर आली आहे आणि बियाण्याचे पैसे दिरांच्या हाती आहेत, हा. किंवा त्या सकाळी तो काहीच का बोलला नाही, हा. जबाबात या प्रश्नांना जागा नसते.

झनेत यांच्या 'कोण पाहतो' आणि 'कोण बोलतो' या दोन प्रश्नांना म्हणून तिसरा जोडावा लागतो : 'कोण विचारतो?' एखाद्या पात्राला दृष्टिबिंदू दिला म्हणजे काय दिले, याचे उत्तर या तिसऱ्या प्रश्नात सापडते. पात्राला केवळ उत्तर देण्याची मुभा असेल, तर त्याची साक्ष घेतली गेली असे होईल. कथनाचा प्रश्न बदलण्याची मुभा असेल, तरच त्याला दृष्टी दिली असे म्हणता येईल. जबाब आणि कादंबरी यांतील भेद भाषेच्या समृद्धीत किंवा भावनेच्या तीव्रतेत शोधण्यापेक्षा येथे शोधणे अधिक योग्य होईल.

३

मराठी कादंबरीच्या परंपरेत हा निकष लावून पाहता येतो. १८५७ सालच्या बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' या कादंबरीत यमुना पतीसमवेत प्रवास करते आणि वाटेत तिला विधवांच्या हकिकती कळत जातात. येथे विधवा साक्षीदार आहेत. त्यांनी कोणत्या प्रश्नाला उत्तर द्यायचे हे लेखकाच्या सुधारणावादी प्रयोजनाने ठरवले आहे. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' १८९० पासून 'करमणूक'मधून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा स्थिती बदलली होती. येथे यमू स्वतःच आपली कहाणी लिहिते. लिहिणारा पुरुष आहे, आणि तो वैधव्याचा अनुभव घेतलेला नाही, हा आक्षेप आजच्या वाचकाला सहज सुचेल. परंतु या कादंबरीचे सामर्थ्य निराळ्या ठिकाणी आहे. यमूला माहेर, सासर, नवऱ्याने दिलेले शिक्षण, त्या शिक्षणाने उघडलेले आणि मग बंद झालेले जग, हे सारे सांगायचे आहे. विधवेचे हाल किती, या ठरीव प्रश्नात तिचे जीवन मावत नाही. कादंबरीचे शीर्षकच वाचकाला उलटा प्रश्न विचारते. उत्तर देणारी व्यक्ती प्रश्न विचारणारी झाली, हे या कादंबरीने साधले. ती लिहू शकते, कारण तिला लिहायला शिकवले गेले होते, याची जाणीवही कथनात आहे. म्हणजे दृष्टिबिंदू मिळण्याची भौतिक अट कोणती, हे कादंबरी लपवत नाही.

अनेक पात्रांना निवेदन वाटून देणाऱ्या दोन लोकप्रिय कादंबऱ्यांची तुलना येथे उपयुक्त ठरेल. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'मध्ये (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तीन निवेदक आहेत. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) कर्णाखेरीज कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण हे निवेदन करतात. संख्येने पाहता दुसरी कादंबरी अधिक बहुकेंद्री आहे. परंतु 'मृत्युंजय'मधील निवेदकांची यादी बारकाईने पाहिली, तर ती एखाद्या बचावपक्षाने बोलावलेल्या साक्षीदारांच्या यादीसारखी दिसते : आई, मित्र, पत्नी, धाकटा भाऊ आणि शेवटी साक्षात परमेश्वर. सर्वांपुढे प्रश्न एकच आहे, तो म्हणजे कर्णावर अन्याय झाला की नाही. या यादीत द्रौपदी नाही. द्यूतसभेतील प्रसंगाविषयी कर्णाचा पश्चात्ताप वाचकापर्यंत पोचतो, परंतु ज्या व्यक्तीसंबंधी तो पश्चात्ताप आहे तिचे मन बंद राहते. द्रौपदीला एक प्रकरण दिले असते, तर कादंबरीचा मूळ प्रश्नच डळमळला असता. तिची अनुपस्थिती हा विस्मरणाचा भाग नाही. सहा निवेदकांच्या रचनेचा तोल त्या अनुपस्थितीवरच उभा आहे.

'ययाति'मध्ये याउलट तिन्ही निवेदकांचे प्रश्न खरोखर भिन्न आहेत. देवयानीला अपमानाचा हिशेब करायचा आहे, शर्मिष्ठेला दास्यातही उरलेल्या प्रेमाचा अर्थ लावायचा आहे, ययातीला वासनेच्या तळाचा शोध आहे. एकाच घटनेचे अर्थ म्हणूनच परस्परांना छेदतात. तरीही ज्या कृतीवर कथेचा कळस उभा आहे ती पुत्राच्या तारुण्यदानाची कृती पुरूच्या दृष्टिबिंदूतून येत नाही. पुरूला स्वतंत्र निवेदन नाही. देणाऱ्याचे मन घेणाऱ्याच्या पश्चात्तापातून समजून घ्यावे लागते. खांडेकरांच्या जीवनदृष्टीत त्यागाचे मूल्य मोठे आहे. परंतु त्याग करणाऱ्याला तो करताना काय वाटले हे विचारले असते, तर ते मूल्य इतके निःशंक राहिले असते काय, हा प्रश्न उरतोच.

या तुलनेतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. दृष्टिबिंदूंची संख्या वाढवल्याने बहुध्वन्यात्मकता येत नाही. प्रश्नांची संख्या वाढली तरच ती येते. आणि जो दृष्टिबिंदू कादंबरीच्या मूळ गृहीताला सर्वाधिक अडचणीचा असतो, तोच बहुधा वगळला जातो.

४

यवतमाळच्या विषयाकडे वळले, तर कादंबरीकारापुढे निवडीचे मुख्यतः चार पर्याय दिसतात : मृत शेतकरी, त्याची पत्नी, ज्याच्याकडे बोट दाखवले जाते तो सावकार वा व्यापारी, आणि शेतमजूर.

मृताच्या मनात शिरण्याचा मोह सर्वांत मोठा. घटनेचे केंद्र तोच असतो, आणि त्याच्या शेवटच्या दिवसांचे अंतर्मुख चित्रण कादंबरीला आयतीच परिणती पुरवते. परंतु येथे कल्पनाशक्तीला एक मर्यादा मानावी लागेल. जिवंत माणसाच्या मनाविषयी कादंबरीकाराने काही रचले, तर वाचक ते माणसाच्या पुढील वर्तनाशी ताडून पाहू शकतो. मृताच्या अखेरच्या क्षणाविषयी रचलेले काहीही ताडून पाहता येत नाही. ते अबाधित राहते, आणि म्हणून सत्याचा अधिकार मिळवून बसते. शिवाय मरणापर्यंतचा मार्ग आतून अखंड दाखवला, की तो अपरिहार्य भासू लागतो. अनेक फाटे असलेली वाट एकेरी होते. मरणाला अशी कलात्मक अपरिहार्यता देणे हे ज्या घरांत अद्याप कोणी तरी त्याच वाटेच्या तोंडाशी उभे आहे, त्या घरांच्या संदर्भात निरुपद्रवी नाही. जपानी लेखक अकुतागावा यांच्या 'वेळूच्या बनात' या १९२२ सालच्या कथेत मृत माणूसही माध्यमाच्या मुखातून साक्ष देतो. पण त्याची साक्ष इतरांच्या साक्षींइतकीच संशयास्पद राहते. फॉकनर यांच्या 'ॲज आय ले डाइंग'मध्ये (१९३०) पंधरा निवेदकांच्या एकोणसाठ प्रकरणांत मृत ॲडीच्या वाट्याला एकच प्रकरण येते, आणि तेही तिच्या मरणाचे कारण सांगत नाही. मृताला बोलू देऊनही अंतिम अधिकार न देण्याची ही उदाहरणे लक्षणीय आहेत.

मृताला एकमेव केंद्र मानण्यातील धोका यवतमाळच्याच एका ज्ञात घटनेतून स्पष्ट होतो. महागाव तालुक्यातील चिलगव्हाण येथील साहेबराव करपे, त्यांची पत्नी आणि चार मुले यांचा १९ मार्च १९८६ रोजी पवनारजवळ अंत झाला. जाहीररीत्या नोंदवली गेलेली पहिली शेतकरी-कुटुंबाची आत्महत्या म्हणून त्या घटनेचे स्मरण केले जाते, आणि २०१७ पासून त्या दिवशी अन्नत्याग आंदोलनही होत आले आहे. या स्मरणाचे औचित्य वादातीत आहे. परंतु 'आत्महत्या' या शब्दातील 'आत्म' कोणाचा, हा प्रश्न लहान मुलांच्या संदर्भात विचारला की भाषा अडखळते. सामाजिक स्मृतीला एक नाव लागते आणि ती कुटुंबप्रमुखाचे नाव घेते. हे समजण्यासारखे आहे. कादंबरीला मात्र त्या एका नावावर थांबता येणार नाही. ज्या घरात मागे राहून सांगणारे कोणीच उरले नाही, तेथे चारही मुलांची मौने स्वतंत्रपणे ऐकू येतील अशी रचना कशी करावी, हा तंत्राचा प्रश्न आहे, आणि तो तितकाच न्यायाचाही आहे.

दुसरा पर्याय पत्नीचा. रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा'ने (१९७१) उद्ध्वस्त होणाऱ्या घराची कथा पत्नीच्या मुखातून, तिच्याच मराठवाडी बोलीत सांगून या पर्यायाचे सामर्थ्य सिद्ध केले आहे. गावातील पुरुषी चढाओढ घरात जेवढी पोचते तेवढीच वाचकाला कळते, आणि त्या मर्यादेमुळेच तिची झळ जाणवते. उद्धव शेळके यांच्या 'धग'मध्ये (१९६०) निवेदन तृतीयपुरुषी असूनही वऱ्हाडातील दारिद्र्याचा ताप कौतिकच्या जाणिवेतून वाचकाला लागतो. तिच्या कष्टांना निवेदक करुणेचा मुलामा देत नाही, कारण तिला स्वतःला करुणा करून घ्यायला वेळ नाही. यवतमाळच्या कादंबरीला पत्नीचा दृष्टिबिंदू निवडताना हा वारसा उपलब्ध आहे. परंतु येथेही एक सापळा आहे. तिला केवळ मृताच्या मरणाची भाष्यकार केले, तर ती पुन्हा जबाब देणारीच ठरेल. तिचे आयुष्य त्या दिवशी संपत नाही. अनेक अर्थांनी ते त्या दिवशी नव्या अटींवर सुरू होते. सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी तलाठ्याकडे घालायच्या खेपा, सासरी राहायचे की माहेरी जायचे हा निर्णय, मजुरी, मुलांची शाळा, आणि कदाचित मृताविषयीचा राग. हा राग सभ्य समाजाला विधवेच्या तोंडून ऐकवत नाही. त्या रागाला जागा देणारी कादंबरीच तिला दृष्टी देते.

साहित्यसंस्थांच्या व्यवहारातही या प्रश्नाचे प्रतिबिंब पडलेले आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले, आणि अखेर कळंब तालुक्यातील राजूर येथील वैशाली येडे या शेतकरी-विधवेच्या हस्ते उद्घाटन झाले. साहित्याने आपले व्यासपीठ ज्यांच्याविषयी लिहिले जाते त्यांना दिले, असा या घटनेचा एक अर्थ होतो. रिकामी झालेली जागा अशा व्यक्तीने भरली, जिच्याविषयी कोणी आक्षेप घेऊ धजणार नाही, असा दुसरा. दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असू शकतात. दुसऱ्याने मांडलेल्या मंचावर उभे राहूनही बोलणारी व्यक्ती स्वतःचा प्रश्न विचारू शकते, आणि तो विचारला गेला की मंच कोणी मांडला हे दुय्यम ठरते. आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील स्त्रिया 'तेरवं' या नाटकात स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या, तेव्हाही हेच घडले. कादंबरीला ही सोय नाही. तिच्यात दुसऱ्याच कोणाला तरी लिहावे लागते; म्हणून तिची जबाबदारी अधिक अवघड आहे.

तिसरा पर्याय सावकाराचा किंवा कृषिसेवा केंद्राच्या मालकाचा. त्याला आतून दाखवणे म्हणजे त्याला क्षमा करणे, अशी एक सार्वत्रिक भीती आहे. ती निराधार नाही. आरंभी म्हटल्याप्रमाणे ज्याच्या मनात प्रवेश मिळतो त्याच्या चुकांना कारणे मिळतात. परंतु कारण म्हणजे समर्थन नव्हे. उधारीवर बियाणे आणि औषध देणारा दुकानदार स्वतः कोणाचा देणेकरी आहे, पावसाने दगा दिल्यावर तो कोणाकडे प्रथम वसुलीला जातो आणि कोणाकडे जात नाही, हे आतून कळल्याशिवाय शोषणाची यंत्रणा दिसत नाही, केवळ शोषक दिसतो. शोषकाचा धिक्कार करून वाचक मोकळा होतो. यंत्रणा दिसली की त्याला असे मोकळे होता येत नाही, कारण त्याने अंगावर घातलेल्या सुती कापडापर्यंत ती येऊन पोचते. म्हणून या दृष्टिबिंदूवर नैतिक कारणासाठी बहिष्कार घालणे हे नैतिकदृष्ट्याच तोट्याचे आहे. अट एवढीच, की त्याच्या कारणांना जेवढी पृष्ठे मिळतील तेवढीच त्याच्या कृतीच्या परिणामांना, ते भोगणाऱ्याच्या दृष्टिबिंदूतून, मिळावीत.

चौथा पर्याय शेतमजुराचा, आणि तोच सर्वाधिक वेळा निसटतो. २०१७ सालच्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. त्यांत शेतमालक होते तसे रोजंदारीवर फवारणी करणारे मजूरही होते. 'शेतकऱ्याची कादंबरी' या कल्पनेत शेतकरी म्हणजे जमिनीचा धनी, हे गृहीत धरलेले असते. त्या धन्याच्या दुःखाला कथेचे केंद्र केले, की त्याच्या शेतात पाठीवर पंप घेऊन चालणारा माणूस पार्श्वभूमीत जातो. कर्जबाजारी धनी त्या मजुराची मजुरी थकवतो, तेव्हा पीडित कोण आणि पीडक कोण? धन्याच्या दृष्टिबिंदूतून ही थकलेली मजुरी त्याच्या दैन्याचा आणखी एक पुरावा ठरते. मजुराच्या दृष्टिबिंदूतून ते त्याच्या घरी न पेटलेल्या चुलीचे कारण असते. हा दुसरा अर्थ 'शेतकऱ्याच्या कादंबरी'च्या मूळ गृहीताला सर्वांत अडचणीचा आहे. 'मृत्युंजय'मधील द्रौपदीची जागा येथे मजुराला मिळालेली आहे.

५

या विवेचनावर एक रास्त आक्षेप घेता येईल. प्रत्येक वंचिताला एक दृष्टिबिंदू, असा हिशेब मांडला तर कादंबरी म्हणजे राखीव जागांचा तक्ता होईल, आणि एकाच जाणिवेत खोलवर उतरणाऱ्या कादंबऱ्या सदोष ठरतील. 'बनगरवाडी' (१९५५) एकाच तरुण शिक्षकाच्या डोळ्यांनी दिसते. 'बारोमास'मध्ये (२००२) निवेदन तृतीयपुरुषी असले तरी तिचा गुरुत्वमध्य सुशिक्षित आणि बेकार एकनाथ हाच आहे. या कादंबऱ्या एककेंद्री आहेत म्हणून अन्यायकारक आहेत काय?

तसे म्हणता येणार नाही. 'बनगरवाडी'तील शिक्षक बाहेरून आलेला आहे आणि वाडी सोडून जाऊ शकणारा आहे, हे कादंबरी क्षणभरही विसरत नाही. धनगरांच्या जगाचा काही भाग त्याला उमगत नाही, आणि तो उमगत नाही हे वाचकाला उमगते. निवडलेल्या दृष्टीच्या कडा स्पष्ट दिसत असल्या, की त्या कडांपलीकडे न निवडलेल्यांचे जग आहे याची जाणीव राहते. 'बारोमास'मध्ये एकनाथची पत्नी अलका घर सोडून जाते, तेव्हा वाचकाची सहानुभूती प्रामुख्याने एकनाथच्या बाजूने वाहते. परंतु शेतीच्या चक्रात अडकलेले ते घर तिला कसे दिसले असेल, याची कल्पना करता येईल इतके दैनंदिन तपशील सदानंद देशमुख यांनी त्याच कथनात पेरून ठेवले आहेत. ते तपशील एकनाथच्या बाजूने बोलत नाहीत. ते नुसते तेथे असतात. केंद्राच्या विरोधात जाऊ शकणारा तपशील गाळायचा नाही, हे एककेंद्री कादंबरीचे न्यायतत्त्व मानता येईल.

आक्षेपाची दुसरी बाजू भाषेची आहे, आणि यवतमाळच्या संदर्भात ती टाळता येत नाही. या जिल्ह्यात वऱ्हाडीखेरीज बंजारा, गोंडी आणि कोलामी बोलणारे लोक राहतात. कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा. पोडावर राहणाऱ्या कोलाम स्त्रीच्या दृष्टिबिंदूतून मराठी कादंबरीचे एखादे प्रकरण लिहिले, तर तिचे विचार मराठीत चालतील. प्रमाण मराठीत लिहिल्यास ती परकी होईल. मोडक्या मराठीत लिहिल्यास ती स्वतःच्या मनातही अडाणी ठरेल, आणि हे अधिक अन्यायकारक आहे. कोणीही स्वतःच्या मनात मोडके बोलत नाही. येथे दोन प्रामाणिक मार्ग संभवतात. तिचे अंतर्मन सुबोध, सकस मराठीत लिहावे आणि हे भाषांतर आहे याची खूण कथनात ठेवावी. किंवा तिच्या मनात न शिरता, तिची पाहणारी नजर दुसऱ्या पात्राला जाणवू द्यावी. दुसरा मार्ग भित्रेपणाचा नाही. दुसऱ्याचे मन आपल्याला उपलब्ध नाही, हे मान्य करण्यातही त्याचा आदर असू शकतो. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८८ साली दुय्यमांच्या बोलण्याविषयी उपस्थित केलेला प्रश्न कादंबरीकारासाठी या ठिकाणी व्यावहारिक रूप धारण करतो. मात्र ही माघार प्रत्येक वेळी त्याच लोकांच्या बाबतीत घेतली जाऊ लागली, तर आदर आणि आळस यांत भेद उरत नाही.

६

दृष्टिबिंदूंची निवड न्याय्य आहे की नाही हे ठरवण्यासाठी, वरील चर्चेच्या आधारे, तीन कसोट्या सुचवता येतात. पहिली : निवडलेल्या पात्राला कथनाचा प्रश्न बदलता येतो काय, की ते केवळ लेखकाने योजलेल्या प्रश्नाचे उत्तर देते? दुसरी : निवडलेल्या दृष्टीच्या मर्यादा वाचकाला दिसतात काय, आणि तिच्या विरोधात जाणारे तपशील कथनात शिल्लक आहेत काय? तिसरी : जो दृष्टिबिंदू कादंबरीच्या गृहीताला सर्वाधिक अडचणीचा आहे, तो कलात्मक कारणाने वगळला आहे, की ती अडचण टाळण्यासाठी?

यांपैकी तिसरी कसोटी सर्वांत कठीण आहे, कारण तिचे उत्तर अनेकदा लेखकालाही ठाऊक नसते. समीक्षेचे काम येथे सुरू होते. वगळलेल्या पात्राच्या जागी उभे राहून कादंबरी पुन्हा वाचणे, आणि ती वाचताना काय कोसळते व काय टिकते याची नोंद करणे, ही पद्धती प्रबंधांतील 'निवेदनतंत्र' या ठरीव प्रकरणापेक्षा अधिक श्रमाची आहे. परंतु त्या प्रकरणाला अर्थ यायचा असेल, तर ती टाळता येणार नाही.

यवतमाळच्या संचिकेत 'पात्र' हा शब्द येतो तेव्हा त्याचा अर्थ योग्यता असलेला असा होतो. कादंबरीच्या चर्चेत तोच शब्द कथेतील व्यक्तीसाठी वापरला जातो. मराठीच्या या योगायोगाकडे निव्वळ श्लेष म्हणून पाहून चालणार नाही. समितीला निकष लावावेच लागतात. निधी मर्यादित असतो आणि निर्णय ठरावीक मुदतीत द्यावा लागतो. कादंबरीवर यांपैकी कोणतेही बंधन नाही. तरीही तिने संचिकेचेच निकष लावले, म्हणजे जमीन ज्याच्या नावे त्याचेच दुःख मोजले आणि कागदावर न आलेले देणे वगळले, तर तिने आपले स्वातंत्र्य वापरलेच नाही, असा निष्कर्ष काढावा लागेल. समितीने अपात्र ठरवलेल्या माणसाला पात्र करण्याचा अधिकार कादंबरीकाराकडे आहे. तो अधिकार कोणासाठी वापरला आणि कोणासाठी वापरला नाही, याचा जाब समीक्षेने विचारला पाहिजे.